मुलाखत कामाची की मोकळ्या वेळेची?

मोठ्या कंपनीत डेव्हलपर म्हणून लागायला जे यावं लागतं आणि लागल्यावर जे करावं लागतं, त्यांचा आता एकमेकांशी फारसा संबंध राहिलेला नाही. हे वाक्य पुण्यातल्या कुठल्याही आयटीवाल्यासमोर टाकून बघा. तो मान डोलवेल, दोन किस्से सांगेल आणि मग हळूच म्हणेल, की त्यानेही अलीकडे मुलाखतीच्या तयारीसाठी रोज रात्री कोडिंगचे दोन-दोन प्रॉब्लेम सोडवायला घेतलेत. सगळ्यांना पटलेलं आहे आणि तरी सगळे करताहेत, अशी ही गंमत आहे.

कंपन्या म्हणतात, आम्ही बुद्धी तपासतो. मी गेली काही वर्षं टेबलाच्या पलीकडे, म्हणजे मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो आहे, आणि माझं मत असं होत गेलंय की आम्ही मुख्यतः मोकळा वेळ तपासतो. नोकरी सांभाळून चार-सहा महिने रोज दोन-तीन तास कोणाला काढता आले, एवढंच त्यातून नक्की कळतं. त्या तासांचा खर्च कंपनीच्या कुठल्याच हिशेबात दिसत नाही, कारण तो उमेदवाराने, त्याच्या घरच्यांनी आणि त्याच्या आत्ताच्या टीमने उचललेला असतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बड्या प्रॉडक्ट कंपनीत, म्हणजे स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत, आधी ऑनलाइन टेस्ट होते: तास-दीड तास, दोन-तीन कोडी. ती पार पडली की व्हिडिओवर एक फेरी. मग 'लूप', म्हणजे लागोपाठ चार-पाच फेऱ्या. त्यातल्या दोन-तीन 'डीएसए'च्या, म्हणजे डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमच्या; एक सिस्टिम डिझाइनची; एक मॅनेजरची. ॲमेझॉनमध्ये 'बार रेझर' नावाचा एक त्रयस्थ असतो, जो त्या टीमचा नसतो आणि ज्याच्या नकाराला फार वजन असतं. कोडी साधारण अशी: वेगवेगळ्या उंचीच्या भिंती एका ओळीत उभ्या आहेत, पाऊस पडला तर त्यांच्यामध्ये किती पाणी साचेल? युक्ती अशी, की दोन टोकांना दोन बोटं ठेवायची आणि बुटक्या बाजूचं बोट आत सरकवत न्यायचं. युक्ती माहीत असलेल्याला पंधरा मिनिटं पुरतात. माहीत नसलेल्याला पाऊण तासात, समोर अनोळखी माणूस टक लावून बसलेला असताना, ती सुचणं फार कठीण. आणि ज्याला माहीत असते तो थोडा वेळ कपाळाला आठ्या घालतो आणि आत्ताच सुचल्याचा अभिनय करतो. आम्हाला तो अभिनय कळतो. चांगला वठला तर त्याचेही गुण मिळतात.

आता कामाचं बघू. नोकरीत माझ्यावर भिंतींमधलं पाणी मोजायची वेळ कधी आलेली नाही. दिवसाचा मोठा भाग दुसऱ्याने, बहुधा सोडून गेलेल्या माणसाने, लिहिलेला कोड वाचण्यात जातो. उरलेला जातो क्लायंटला नेमकं काय हवंय ते शोधण्यात, पुल रिक्वेस्टवर, म्हणजे सहकाऱ्याने कोडमध्ये सुचवलेल्या बदलावर, वाद घालण्यात, जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्ती ८ वरून १७ वर जाताना काय काय मोडेल याचा अंदाज बांधण्यात, आणि रात्री साडेनऊच्या कॉलवर अमेरिकेतल्या माणसाला 'हे या स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरलेल्या टप्प्यात) होणार नाही' असं न दुखवता सांगण्यात.

मध्यंतरी आमच्या पॅनेलसमोर एक उमेदवार आली. दहा-अकरा वर्षांचा अनुभव, त्यातला बहुतेक एका बँकेच्या रात्रीच्या बॅचवर, म्हणजे एकगठ्ठा चालणाऱ्या प्रोग्रामवर. दिवसभराचे व्यवहार रात्री फाइलींमधून येतात. प्रत्येक फाइलच्या शेवटच्या ओळीत एकूण नोंदी किती आणि एकूण रक्कम किती ते लिहिलेलं असतं. आकडे जुळले तरच पैसे खात्यांत पडतात. 'स्वतःबद्दल सांगा' एवढ्याच प्रश्नावर तिने पाच मिनिटांत जे सांगितलं ते माझ्या लक्षात राहिलंय. बॅच मध्येच पडली तर खरी भीती ती पडण्याची नसते, पुन्हा चालवण्याची असते. कारण निम्म्या खात्यांत पैसे आधीच जमा झालेले असतात. म्हणून तिने प्रत्येक नोंदीचा संदर्भ क्रमांक आधी तपासून पाहायची सोय करून घेतली होती. बॅच कितीही वेळा चालवा, कोणाच्या खात्यात पगार दोनदा पडणार नाही. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी लागू झाली, तेव्हा 'पुढचा कामाचा दिवस कोणता' हे ठरवणारा कोड एका जागी नाही, पसरलेला आहे, हेही तिनेच शोधून काढलं होतं. मग तिला ठरलेलं कोडं दिलं. ती अडकली. डिब्रीफमध्ये, म्हणजे मुलाखतीनंतरच्या पॅनेलच्या बैठकीत, दोघांनी 'नो हायर' (घेऊ नका) लिहिलं आणि विषय संपला. त्या बॅचबद्दल काही लिहायला आमच्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. ज्या जागेसाठी ती आली होती, ती जागा पेमेंट्सच्या टीममधली होती.

सॉफ्टवेअर बिघडतं कुठे, तेही बघण्यासारखं आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटायची वेळ आली. कंपनीने नंतर जाहीर केलेलं कारण वाचलं तर त्यात कुठलाही अवघड अल्गोरिदम नाही. एका भागाला माहितीचे २१ रकाने अपेक्षित होते, दुसरा भाग २० च पुरवत होता. एकविसावा वाचायला गेला आणि सगळं कोसळलं. मर्यादा तपासणारी अट नव्हती. चाचण्या घेताना त्या एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' असं भरलेलं होतं, त्यामुळे दोष दिसला नाही. आणि अपडेट टप्प्याटप्प्याने न सोडता एकदम सगळ्यांकडे गेलं. तिथे हवा होता तो 'आधी थोड्या मशीनवर सोडू, तासभर बघू' असं म्हणणारा आणि त्यावर अडून बसणारा माणूस. तो कुठल्या कोड्याने हाती लागतो, मला ठाऊक नाही.

बरं, कंपन्यांना हे कळत नाही असंही नाही. एके काळी मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींत 'मॅनहोलचं झाकण गोल का असतं' छापाचे प्रश्न असायचे आणि त्यांचं अनुकरण जगभर झालं. २०१३ मध्ये गुगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी न्यूयॉर्क टाइम्सला सांगून टाकलं, की असली कोडी म्हणजे निव्वळ वेळ घालवणं; विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचं समाधान तेवढं मिळतं. हजारो मुलाखतींमधले गुण आणि त्या माणसांचं पुढचं काम त्यांनी ताडून पाहिलं, तेव्हा दोन्हींत काही संबंधच सापडला नव्हता. पुढे गुगलच्याच आकडेवारीतून निघालं, की चार मुलाखतींनंतर ८६ टक्के खात्रीने निर्णय करता येतो, त्यापुढच्या फेऱ्या फारशी भर घालत नाहीत. तरी झालं काय? झाकण गेलं, पाणी आलं. आणि आपल्याकडच्या कित्येक कंपन्या गुगलचं नाव घेऊन सहावी फेरी घेतात.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. ४८ विद्यार्थी घेतले. काहींनी फळ्यावर, परीक्षकासमोर, मोठ्याने बोलत कोडं सोडवायचं. काहींनी तेच कोडं खोलीत एकट्याने. परीक्षक समोर असताना कामगिरी निम्म्याहून खाली आली. परीक्षकासमोर सोडवणाऱ्या मुलींपैकी एकही पास झाली नाही, एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या झाल्या. संख्या फार लहान आहे, त्यामुळे यावरून मुलींबद्दल सरसकट निष्कर्ष काढू नका, असं संशोधकांनीच बजावलं होतं आणि ते बरोबर आहे. पण आपण जिला बुद्धिमत्ता म्हणून गुण देतो ती काही अंशी नुसती भीड चेपलेली असणं आहे, एवढं म्हणायला तो प्रयोग पुरेसा आहे.

निवडीच्या पद्धतींवर मानसशास्त्रात दशकानुदशकं अभ्यास झालेला आहे. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये त्या सगळ्याची फेरतपासणी केली. सर्वांत वर आली ती आखीव मुलाखत: सगळ्यांना तेच प्रश्न, प्रश्न कामाशी जोडलेले, गुण कशाचे ते आधी ठरलेलं. कामाच्या ज्ञानाची चाचणी आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं, हेही वरच्या रांगेत. आधी अव्वल मानली जाणारी नुसत्या बुद्धिमत्तेची चाचणी बरीच खाली घसरली. एवढं सगळं छापून आलेलं असताना, आकडेवारीशिवाय पाऊल न टाकण्याचा डौल मिरवणाऱ्या कंपन्या नेमक्या याच बाबतीत वहिवाटीवर चालतात.

इथे होमब्रू हे मॅकवर सॉफ्टवेअर बसवून देणारं साधन लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेलचा दाखला हमखास दिला जातो. २०१५ मध्ये त्याने ट्विट केलं: तुमचे नव्वद टक्के इंजिनिअर मी लिहिलेलं होमब्रू वापरतात, पण मला फळ्यावर बायनरी ट्री (माहितीची झाडासारखी रचना) उलटा करता आला नाही म्हणून गुगलने मला घालवलं. मला हा दाखला तितकासा आवडत नाही. ट्री उलटा करणं ही दहा ओळींची गोष्ट आहे, थोडा विचार केला तर जमायला हरकत नाही, आणि कंप्युटर सायन्सच्या पुस्तकी भागात आपण कच्चे आहोत हे हॉवेलने पुढे स्वतःच मान्य केलं. शिवाय तो होमब्रूचा कर्ता होता, त्याची दखल जगाने घेतली. माझा जीव तुटतो तो ज्यांचं काम मुळात दिसतच नाही त्यांच्यासाठी. बँकेची बॅच कोणी गिटहबवर, म्हणजे जगाला दिसेल असा कोड ठेवायच्या साइटवर, टाकत नाही. तो कोड क्लायंटचा, लॅपटॉप कंपनीचा, करारात गोपनीयतेचं कलम. अशा माणसाने मुलाखतीत दाखवायचं काय?

मग पद्धत टिकून का आहे? एक कारण सरळ आहे: नकार कंपनीला फुकटात पडतो. चुकीचा माणूस घेतला तर तो सहा महिने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. चांगला माणूस घालवला तर तो कोणाच्याच डोळ्यांसमोर नसतो. दुसरं कारण आमच्या सोयीचं. मुलाखत घेणाऱ्याला त्यासाठी स्प्रिंटमधून वेगळा वेळ मिळत नाही, शिकवलंही फारसं जात नाही. दोन मीटिंगच्या फटीत तो येऊन बसतो. कोड्याचं उत्तर त्याला पाठ असतं, गुण पटकन देता येतात. एखाद्याच्या दहा वर्षांच्या कामाबद्दल नेमके प्रश्न विचारायचे तर आधी स्वतः ते काम समजून घ्यावं लागतं. त्याला वेळ कोण देतो?

आता या पद्धतीच्या बाजूचं सर्वांत वजनदार म्हणणं. ते मी हलक्यात घेत नाही. आपल्या देशात 'गप्पा मारून माणूस ओळखतो' म्हणणाऱ्या मुलाखतीचा अर्थ काय होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आडनाव, कॉलेज, इंग्रजीचा लहेजा, वडील काय करतात, एवढ्यावर दहा मिनिटांत माणूस 'आपल्यातला' ठरतो किंवा ठरत नाही. शिवाय कॅम्पसवर दहावी, बारावी आणि डिग्री सगळीकडे साठ टक्के, शिक्षणात खंड नको, अशी चाळणी आधीच लागलेली असते. बारावीच्या वर्षी घरात आजारपण निघालं आणि अठ्ठावन्न टक्के पडले, की संपलं. अशा वेळी नांदेड किंवा जळगावच्या कॉलेजातल्या मुलाला ऑनलाइन टेस्ट हा खरोखर आधार वाटतो. टेस्टला आडनाव दिसत नाही. क्लायंटसाठी सॉफ्टवेअरचं काम करून देणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळत असताना, एका टेस्टच्या जोरावर कोणी वीस-पंचवीस लाखांवर पोचत असेल तर ती टेस्ट काढून टाका म्हणायचा मला काय अधिकार?

काढा असं मी म्हणतही नाही. हजारो अर्ज येणार, तर पहिली गाळणी लेखी, नाव झाकलेली आणि सगळ्यांना सारखीच असायला हवी. पण हा न्याय पहिल्या फेरीपुरताच आहे. पुढच्या चार-पाच फेऱ्यांत कॅमेरा चालू असतो. आडनाव स्क्रीनवर खाली ठळक लिहिलेलं असतं. आणि तिथे एक अट असते जिच्याबद्दल कोणी बोलत नाही: मोठ्याने विचार करा. कोणत्या भाषेत? इंग्रजीत. ज्याने आयुष्यभर हिशेब मराठीत केला, मनातल्या मनात 'हातचा एक' म्हणतच बेरीज केली, त्याने कोडं सोडवता सोडवता त्या विचाराचं इंग्रजीत धावतं समालोचन करायचं. तो गप्प झाला की आम्ही लिहितो, 'कम्युनिकेशन सुधारायला हवं'. पुण्यातल्या पॅनेलवर बहुतेकांना मराठी किंवा हिंदी येतं. ऑफिसात डिझाइनची खडाजंगी याच भाषांत चालते, इंग्रजी फक्त मेलमध्ये आणि क्लायंटसमोर. मग उमेदवाराला 'तुला सोयीचं असेल त्या भाषेत बोल' म्हणायला काय जातं? समतेची एवढी काळजी असलेल्या कंपन्यांनी ही बिनखर्चाची गोष्ट आधी करून दाखवावी.

आणि मोकळा वेळ कोणाकडे असतो, तेही बघा. चोविशीतला मुलगा, वाकडला फ्लॅटमध्ये तिघे मित्र, जेवणाचा डबा लावलेला, दीड वर्षाने स्विच मारायचाच, म्हणजे नोकरी बदलायचीच, असं ठरवलेला. त्याच्याकडे असतो, आणि त्याने तो वापरला तर त्यात त्याची काही चूक नाही. आता हडपसरहून हिंजवडीला रोज जाऊन-येऊन तीन तास घालवणारी, संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि रात्री क्लायंटचा कॉल घेणारी पस्तिशीतली बाई घ्या. किंवा प्रॉडक्शन सपोर्टवरचा, म्हणजे चालू सिस्टिम बिघडली की ती सावरणारा, माणूस, ज्याचा फोन रात्री दोनला वाजतो. कामात ही माणसं त्या मुलापेक्षा कमी नसतात, बहुधा काकणभर सरसच असतात. पण कोडी हा सरावाचा मामला आहे, महिनाभर सोडला की बसलेला हात सुटतो. म्हणजे पुन्हा नोकरी बदलायची तर पुन्हा पहिल्यापासून. बाळंतपणानंतर परत येणाऱ्या बाईला आपण काम विसरलीस का असं विचारत नाही, कोडी विसरलीस का असं विचारतो. यावर आता क्लासेसचा केवढा धंदा उभा राहिलाय! 'प्रॉडक्ट कंपनीत प्लेसमेंट' असं म्हणत लाखभर फी घेणारे, हप्त्यांची सोय असणारे. बारावीला क्लास, इंजिनिअरिंगला क्लास, आणि दहा वर्षं नोकरी केल्यावर पुन्हा क्लास.

सर्व्हिस कंपन्यांमध्ये तर मुलाखत एकदा देऊन संपतच नाही. तिथे नोकरी कंपनीत असते, पण काम प्रोजेक्टवर, आणि प्रोजेक्ट मिळवायला आतल्या आत पुन्हा मुलाखत. आरएमजीचा, म्हणजे माणसांना प्रोजेक्ट नेमून देणाऱ्या विभागाचा, फोन येतो, मॅनेजर विचारपूस करतो, मग क्लायंटची फेरी. क्लायंटने नाही म्हटलं की परत बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय बसून. जून २०२५ मध्ये टीसीएसने नियम केला, की वर्षात २२५ दिवस बिल होणाऱ्या कामावर असायला हवेत, बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस. त्याच वर्षी फेब्रुवारीत इन्फोसिसने म्हैसूरच्या कॅम्पसमधून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी पाठवलं. अंतर्गत परीक्षेत तीन संधींत पास झाले नाहीत, हे करारातच होतं, असं कंपनीचं म्हणणं. यातल्या अनेकांना ऑफर २०२२ मध्ये मिळाली होती आणि रुजू व्हायला दोन वर्षं वाट बघावी लागली होती. पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, तेव्हा कुठे त्याची चर्चा झाली. दोन वर्षं थांबवून ठेवलेल्या मुलाची परीक्षा घ्यायला हरकत नाही. पण निवड करताना तुम्ही मग तपासलं काय होतं, हा प्रश्न कंपनीलाही विचारायला हवा.

याचा परिणाम रोजच्या कामावर होतोच. जागेवर बसून एक आकडी हाइक आणि स्विच मारला तर तीस-चाळीस टक्के, हे गणित ज्याला कळलं तो जुन्या कोडची डागडुजी कशाला करेल? त्यात नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड. पेपर टाकल्यावर, म्हणजे राजीनामा दिल्यावर, तीन महिने माणूस दुसरी, तिसरी ऑफर जमवत बसतो आणि शेवटच्या आठवड्यात पहिल्या कंपनीला नकार कळवतो. मग मॅनेजर कपाळाला हात लावतात. हा नियम त्यांच्याच कंपनीने केलेला असतो.

आणि आता एआय. गेल्या दोन-तीन वर्षांत ही कोडी चुटकीसरशी सोडवणारी साधनं सगळ्यांच्या हाती आली. २०२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने मुलाखतीत परीक्षकाला न दिसता उत्तरं पुरवणारं साधन बनवलं आणि ते वापरून ॲमेझॉनची मुलाखत दिल्याचा व्हिडिओही टाकला. विद्यापीठाने कारवाई केली, गुंतवणूकदारांनी पैसे दिले. दहावी-बारावीला कॉपी वाढली की आपण प्रश्नपत्रिकेचा विचार करत नाही, भरारी पथकं वाढवतो; कंपन्यांनी तेच केलं. पूर्ण स्क्रीन दाखवा, मागे दुसरा कॅमेरा लावा, खोली फिरवून दाखवा. विचार करताना छताकडे किंवा खिडकीबाहेर बघायची सवय असलेला माणूस आता संशयित. गुगलने निदान एक फेरी समोरासमोर घेणं पुन्हा सुरू केलं. मेटाने मात्र काही मुलाखतींत उमेदवाराला एआय वापरू द्यायचं ठरवलं, आणि मला ती दिशा जास्त शहाणपणाची वाटते. कारण सोमवारी कामावर आल्यावर तो ते वापरणारच आहे. आम्हीच त्याला लायसन्स देणार आहोत.

आमच्या टीमपुरती आम्ही एक फेरी वेगळी घेऊन पाहिली. तीन-चार हजार ओळींचा एक छोटा प्रकल्प, त्याचे लॉग (प्रोग्रामने आपोआप ठेवलेल्या नोंदी) आणि क्लायंटने लिहावं तसं अर्धवट तिकीट, म्हणजे तक्रार: 'रोजचा रिपोर्ट कधीकधी एक दिवस मागचा येतो.' दीड तास, स्वतःचा लॅपटॉप, इंटरनेट, एआय, सगळं खुलं. आम्ही मध्ये बोलायचं नाही, विचारलं तर सांगायचं. एआयला हे तिकीट दिलं की ते लगेच तारखेत एक दिवस मिळवणारी ओळ सुचवतं. एकाने ती तशीच घातली. तिकिटातला रिपोर्ट सुधारला आणि दुपारी चालणारे सगळे रिपोर्ट एक दिवस पुढे गेले. दुसऱ्या एका मुलाने कोड उघडण्याआधी विचारलं, "हे लॉग कोणत्या टाइमझोनचे आहेत?" सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, होता. आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजेपर्यंत तिथे आदल्याच दिवसाची तारीख असते. पहाटे चालणारे रिपोर्ट तेवढे चुकत होते. त्या एका प्रश्नाने मला त्याच्याबद्दल जेवढं सांगितलं तेवढं तीन डीएसए फेऱ्यांनी सांगितलं नसतं.

ही पद्धतही फुटेल, हे मान्य. बेंगळुरूच्या प्रॉडक्ट कंपन्यांनी रूढ केलेली 'मशीन कोडिंग' फेरी, म्हणजे ठरलेल्या वेळात एक छोटं चालणारं सॉफ्टवेअर लिहून दाखवणं, कामाच्या बरीच जवळ जाणारी होती. आज तिथे नेहमी विचारलं जाणारं पार्किंग लॉटचं डिझाइन मुलांना तोंडपाठ आहे. पण वाचून, विचारून, बदलून दाखवायच्या कामात पाठांतर लवकर उघडं पडतं. हे असं का केलंस, या दुसऱ्या प्रश्नालाच ते अडतं. प्रकल्प दर काही महिन्यांनी बदलावा लागेल, दोन सीनियर लोकांचे काही आठवडे त्यात जातील. तो खर्च कंपनीने करायचा. घरी करायला दिलेली असाइनमेंट दोन तासांहून मोठी असेल तर त्याचे पैसे द्यायचे. नाकारलं तर कशासाठी, ते दोन ओळींत कळवायचं; 'इतर उमेदवार अधिक योग्य वाटले' ही ओळ त्यात धरायची नाही.

यावर एचआरचं उत्तर ठरलेलं आहे: हे स्केल होत नाही, म्हणजे मोठ्या संख्येला पुरत नाही. दहा हजार अर्जांना होत नाही, खरं आहे, त्यांना लेखी चाळणी लावा. पण लूपपर्यंत एका जागेसाठी सात-आठ जण पोचतात. त्यांच्या प्रत्येकी पाच फेऱ्या आम्ही आजही घेतोच, तास तेवढेच लागतात. त्यातल्या दोन तासांत पाण्याऐवजी त्या बॅचबद्दल विचारायचं, तर त्यासाठी कुठली मंजुरी लागते?